सायकॉलॉजीच्या स्टुडंट्ससाठी स्कॉलरशिप आणि अवॉर्ड : शोधायचं कुठे, लिहायचं काय

सायकॉलॉजी घेतलेल्या बऱ्याच जणांचा स्कॉलरशिपचा शोध एकाच टाईपने सुरू होतो. सर्चमध्ये "सायकॉलॉजी स्कॉलरशिप" टाकायचं, वर आलेल्या लिंका धडाधड उघडायच्या, त्यातल्या अर्ध्या दुसऱ्याच देशाच्या नागरिकांसाठी निघतात, काहींची तारीख मागच्याच वर्षी उलटलेली असते आणि उरलेल्या पीएचडीवाल्यांसाठी, मग "आपल्यासाठी काही नसतंच" म्हणून सगळे टॅब बंद. गंमत अशी की तुम्हाला मिळू शकणाऱ्या पैशांपैकी बऱ्याच स्कीमच्या नावात सायकॉलॉजी कुठेच नसतं. कुठे सोशल सायन्स लिहिलेलं असतं, कुठे बिहेवियरल सायन्स, कुठे न्यूरोसायन्स, कुठे पब्लिक हेल्थ, आणि डिपार्टमेंटच्या छोट्या अवॉर्डांवर तर नुसतं एखाद्या रिटायर झालेल्या प्राध्यापकाचं नाव असतं. त्यामुळे माझं सरळ मत असं की आधी छोटे आणि जवळचे पैसे पकडा, मोठ्या नावांच्या मागे नंतर लागा. छोटं अवॉर्ड मिळालेल्या मुलाकडे पुढची कमिटी वेगळ्या नजरेने बघते, आणि तिथे लिहायची जी प्रॅक्टिस होते ती वेगळीच.

सुरुवातीला एवढं समजून घ्या की पैसे तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी दिले जातात. एक, शिकण्यासाठी, म्हणजे फी, राहणं-खाणं वगैरे. यात मार्क आणि घरची आर्थिक परिस्थिती बघतात. दोन, एखादं काम करण्यासाठी, म्हणजे रिसर्च ग्रँट, कॉन्फरन्सला जायचा ट्रॅव्हल ग्रँट, लॅबमधल्या कामाचा स्टायपेंड. तीन, झालेल्या कामासाठी, म्हणजे बेस्ट पोस्टर, बेस्ट थिसिस, बेस्ट पेपर. नवीन माणूस पहिल्यातच अडकून बसतो कारण त्यालाच सगळे स्कॉलरशिप म्हणतात, पण तिथे गर्दी सगळ्यात जास्त, सगळ्या विषयांची पोरं एकाच लायनीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात तुमची स्पर्धा फक्त सायकॉलॉजीवाल्यांशी, आणि त्यातही जे फॉर्म भरायचे कष्ट घेतात त्यांच्याशीच.

पायरी १ : स्वतःची माहिती एका पानावर

कोणत्या वर्षाला आहात, बॅचलर्स की मास्टर्स की पीएचडी, नागरिकत्व कुठलं, राहता कुठे, आत्तापर्यंतचा जीपीए किंवा टक्के, घरचं उत्पन्न, सायकॉलॉजीतली कोणती शाखा आवडते, कुठल्या लॅबमध्ये किंवा संस्थेत काम केलंय का. हे सगळं एका पानावर लिहून ठेवा. फालतू वाटेल पण याच पानाने बऱ्याच स्कीम दोन मिनिटात कटाप होतात आणि तुमचा वेळ वाचतो. उदाहरण द्यायचं तर अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप, भारी प्रकरण आहे, पाच वर्षांच्या काळात तीन वर्षांचा खर्च देतात, सायकॉलॉजीही त्यात बसते, पण ती तिथल्या नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांनाच, शिवाय पेशंट बघायचं क्लिनिकल ट्रेनिंग घ्यायचं असेल तर त्याला ती मिळत नाही, रिसर्चच पाहिजे. ब्रिटनची चेव्हनिंग एका वर्षाच्या मास्टर्सला पैसे देते, पण आधी २,८०० तास कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परत जावं लागतं. म्हणजे डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला बसून चेव्हनिंगची स्वप्नं बघायला हरकत नाही, पण फॉर्म भरून उपयोग नाही. एलिजिबिलिटीचा भाग आधी वाचा आणि बक्षिसाची रक्कम नंतर, आपण बरोबर उलटं करतो.

पायरी २ : जवळून लांब

सगळ्यात आधी स्वतःचं डिपार्टमेंट. ऑफिसमध्ये जाऊन विचारा की मागच्या दोन-तीन वर्षांत मुलांना कोणकोणती अवॉर्ड मिळाली, यादी सहसा कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये किंवा जुन्या मेलमध्ये असते, नोटीस बोर्डावर ती कधीच नीट नसते. काही वेळा तर अर्जच आले नाहीत म्हणून पैसे पडून राहतात. त्यानंतर युनिव्हर्सिटीचं आर्थिक मदतीचं ऑफिस आणि रिसर्च ऑफिस. ही दोन वेगळी असतात आणि एकमेकांच्या स्कीम त्यांना माहीत नसतात, म्हणून दोन्हीकडे जायचं.

आणि एक जुगाड जो फार कमी लोक करतात : तुमच्या फील्डमधल्या सीनियर्सचे आणि तरुण प्राध्यापकांचे सीव्ही उघडा, बहुतेकांचे ऑनलाईन असतात, आणि त्यात अवॉर्ड्सचा सेक्शन वाचा. त्यांना ते डिग्रीच्या कोणत्या वर्षी मिळालं तेही तिथेच लिहिलेलं असतं. सर्च इंजिन जी नावं कधी दाखवणार नाही ती अशी सापडतात, आणि आपल्यासारख्याच माणसाला ती मिळालीत हेही कळतं.

मग येतात सायकॉलॉजीच्या संघटना, आणि खरा माल इथे आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, एपीए, १८९२ साली स्थापन झाली. लोक तिच्या मेन पानावर जाऊन परत येतात, पण तिच्या पोटात पन्नासच्या वर डिव्हिजन आहेत, शाळा, खेळ, कायदा, वृद्धत्व, संख्याशास्त्र असल्या एकेका विषयाच्या, आणि यातल्या बऱ्याच डिव्हिजनची स्टुडंट्ससाठी आपापली वेगळी अवॉर्ड असतात. तिथे अर्ज कमी येतात. उदाहरणार्थ १९३६ सालची सोसायटी फॉर द सायकॉलॉजिकल स्टडी ऑफ सोशल इश्यूज, ही एपीएची नववी डिव्हिजनही आहे, तिचा क्लारा मेयो ग्रँट मास्टर्सच्या थिसिसला किंवा डॉक्टरेटच्या आधीच्या रिसर्चला मिळतो, विषय मात्र पूर्वग्रह, वर्णद्वेष, लिंगभेद या पट्ट्यातला पाहिजे. अमेरिकन सायकॉलॉजिकल फाउंडेशन १९५३ पासून आहे, तिचं कामच ग्रँट आणि स्कॉलरशिप वाटणं. असोसिएशन फॉर सायकॉलॉजिकल सायन्स १९८८ ची, तिच्या स्टुडंट कॉकसची, म्हणजे स्टुडंट मेंबरांच्या गटाची, स्वतःची रिसर्च अवॉर्ड आहेत. बॅचलर्सवाल्यांसाठी साय काय ही ऑनर सोसायटी, म्हणजे चांगले मार्क असलेल्या मुलांची संघटना, बघाच, १९२९ पासूनची आहे, फी एकदाच भरायची आणि मेंबरशिप आयुष्यभर, डिग्रीच्या मुलांना रिसर्च ग्रँट आणि ट्रॅव्हल ग्रँट दोन्ही देते, पण तुमच्या कॉलेजात तिचा चॅप्टर, म्हणजे शाखा, असायला लागतो. दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी तिची बहीण साय बीटा. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी १९०१ ची, तिची एक स्कीम अशी की उन्हाळ्याच्या सुट्टीत बॅचलर्सच्या मुलाने एखाद्या रिसर्चरकडे काम करायचं आणि त्याचे पैसे मिळायचे. युरोपात सायकॉलॉजीच्या स्टुडंट्सच्या संघटनांचा महासंघ आहे, एफ्सा, १९८७ पासून, त्यांचा ज्युनिअर रिसर्चर प्रोग्रॅम. तिथे पैशापेक्षा वेगवेगळ्या देशांतल्या मुलांबरोबर एक अख्खा स्टडी करायला मिळतो ही कमाई.

एक लक्षात ठेवा, संघटनांची अवॉर्ड बहुतेक वेळा मेंबरांनाच असतात. स्टुडंट मेंबरशिप स्वस्त असते पण डेडलाईनच्या आदल्या रात्री घेतली आणि ती दोन दिवस प्रोसेसमध्ये अडकली की गेलं सगळं. आधी घेऊन ठेवा.

पायरी ३ : शीट बनवा

साधी एक्सेल शीट पुरे. नाव, लिंक, रक्कम, पात्रता, लागणारी कागदपत्रं, रेको (म्हणजे शिफारसपत्रं) किती पाहिजेत, डेडलाईन, निकाल कधी. दोन कॉलम लोक विसरतात. एक म्हणजे टाईमझोन, कारण रात्री बारा म्हणजे कुणाच्या रात्रीचे बारा हे स्पॉन्सर ठरवतो. दुसरा म्हणजे रेकोची डेडलाईन, ती कधी तुमच्या अर्जाच्या दिवशीच असते तर कधी थोडी पुढेमागे, आणि पोर्टलवरून सरांना लिंक जाते ती तुम्ही त्यांचं नाव भरल्यावरच. अर्ज शेवटच्या तासाला भरला तर बिचाऱ्या सरांना मेल कधी जाणार?

पायरी ४ : रेको

पत्र देणारा मोठ्या नावाचा असण्यापेक्षा तुम्हाला ओळखणारा असणं जास्त महत्त्वाचं. "ही विद्यार्थिनी माझ्या वर्गात होती, तिला ए ग्रेड मिळाली" या पत्राने काहीच होत नाही, ते तर मार्कशीटवरच दिसतं. लॅबमध्ये डेटा कोड करताना तुम्ही एक चूक पकडली, पार्टिसिपंट आला नाही तेव्हा काय केलंत, हे ज्याने बघितलंय तो माणूस शोधा. म्हणूनच पहिल्या-दुसऱ्या वर्षातच कुठल्यातरी लॅबमध्ये घुसा, सुरुवातीला फुकट किंवा थोड्या पैशात का असेना, नुसती प्रश्नावल्यांची एन्ट्री करायचं काम का असेना.

विचारताना "रेको द्याल का" असं विचारू नका, "माझ्यासाठी चांगलं, ठोस पत्र लिहिता येईल का" असं विचारा. समोरचा जरा घुटमळला तर आभार मानून दुसरीकडे जा. तीन-चार आठवडे आधी विचारा, आणि सोबत एकाच मेलमध्ये सीव्ही, अर्जाचा ड्राफ्ट, स्कीमची लिंक, डेडलाईन आणि तुम्ही त्यांच्यासोबत केलेल्या कामाचे चार-पाच मुद्दे द्या. प्राध्यापकांना डझनभर मुलांची पत्रं लिहायची असतात, त्यांना आठवण करून देणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

पायरी ५ : स्वतःबद्दलचं स्टेटमेंट

इथे सायकॉलॉजीवाल्यांची एक खास अडचण आहे जी इंजिनिअरिंगवाल्यांना येत नाही. "तुम्ही या विषयाकडे का आलात" म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे खरं उत्तर असतं, घरात कुणाला तरी डिप्रेशन होतं, स्वतःला अँग्झायटी होती, जवळचं कुणी गेलं. ते खरं असतं, आणि अर्जात ते लिहावंसं वाटणं साहजिक आहे. पण अ‍ॅपलबी आणि अ‍ॅपलबी या जोडीने २००६ साली एक अभ्यास छापला, सायकॉलॉजीच्या ग्रॅज्युएट प्रोग्रॅमच्या अ‍ॅडमिशन कमिट्यांच्या ८८ प्रमुखांना विचारलं होतं की चांगला दिसणारा अर्ज कशामुळे मरतो. त्यात घातक स्टेटमेंटच्या यादीत स्वतःच्या मानसिक आजाराचं वर्णन होतं, गरजेपेक्षा जास्त खाजगी गोष्टी सांगणं होतं, आणि "मला फक्त लोकांना मदत करायचीये" टाईपचा अतिपरोपकारही होता. शिवाय मिळमिळीत रेको, प्रोग्रॅमची माहितीच न काढता केलेला अर्ज, कच्चं लिखाण आणि इम्प्रेस करायला जाऊन फसलेले प्रयत्न. हा अभ्यास अ‍ॅडमिशनचा आहे, स्कॉलरशिपचा नाही, पण वाचणारी माणसं साधारण त्याच जातकुळीची.

मला स्वतःला ही गोष्ट जरा खुपते, ज्या विषयाने स्टिग्मा कमी करायचा त्याच विषयाच्या कमिट्यांनी असं वागावं, पण नियम बदलेपर्यंत अर्ज तर भरायचाय. म्हणून असं करा : अनुभव लिहायचाच असेल तर दोन ओळींत लिहा आणि लगेच त्यातून कोणता प्रश्न निघाला त्याकडे वळा. "आजीला डिमेन्शिया होता आणि त्याने मी हादरले" इथे थांबू नका, "आजीला माणसांची नावं आठवायची नाहीत पण जुनी गाणी अख्खी पाठ होती, हे कसं होतं म्हणून मी मेमरीवर वाचायला लागले, आणि मग अमुक लॅबमध्ये तमुक काम केलं" इथपर्यंत या. कमिटीला दुःख नको असतं असं नाही, त्यांना दिसायला पाहिजे की तुम्ही प्रश्न विचारू शकता. जिथे स्कीमच मानसिक आजारातून गेलेल्यांसाठी आहे किंवा अडचणींवर मात हा मुद्दा उघड विचारलाय, तिथे मात्र बिनधास्त लिहा.

आणि इंटर्नशिपमध्ये किंवा हेल्पलाईनवर भेटलेल्या माणसांच्या गोष्टी कृपा करून जशाच्या तशा अर्जात घालू नका. नाव बदललं तरी गाव, वय, नोकरी, घटना मिळून माणूस ओळखू येतो. वाचणारे बरेचसे सायकॉलॉजिस्टच असतात, गोपनीयता मोडलेली त्यांना पहिल्या वाक्यात दिसते.

पायरी ६ : रिसर्च प्रपोजल

छोट्या ग्रँटचं प्रपोजल दोन-तीन पानांचंच असतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण विषय आवळून धरा. "सोशल मीडियाचा तरुणांच्या मानसिक आरोग्यावर परिणाम" हा विषय नाही, ते वर्तमानपत्राचं हेडिंग आहे. "झोपायच्या तासभर आधी फोन बाजूला ठेवायला सांगितलं तर फर्स्ट इयरच्या मुलांना झोप लागायला लागणारा वेळ दोन आठवड्यांत कमी होतो का" हा विषय आहे, कोण, काय, किती दिवस, मोजायचं काय, सगळं दिसतं.

मग सॅम्पल. इथेच कच्चा अर्ज उघडा पडतो कारण लोक "१०० जण घेऊ" असं हवेत लिहितात. पॉवर अ‍ॅनालिसिस करा, म्हणजे खरंच फरक असेल तर तो पकडायला किती माणसं लागतील याचा आधीच हिशोब, जी-पॉवर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दोन गटांच्या सरासरीतला फरक टी-टेस्टने तपासायचा, अल्फा (नसलेला फरक दिसण्याची चालवून घेतलेली शक्यता) ०.०५, पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ८० टक्के, आणि इफेक्ट, म्हणजे फरक केवढा, तो मध्यम म्हणजे कोहेनचा डी या मापाने ०.५ धरला तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. इफेक्ट छोटा म्हणजे ०.२ धरला की हाच आकडा गटामागे जवळजवळ ३९४ वर जातो. एवढं एक वाक्य प्रपोजलमध्ये असलं, आणि तो इफेक्ट साईज कुठल्या आधीच्या अभ्यासावरून धरला ते लिहिलं, तरी तुमचा अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो. ६४ अधिक ६४ माणसं तुम्हाला जमवता येणार नसतील तर डिझाईन बदला, एकाच माणसाला दोनदा मोजा, बहुतेक वेळा त्यात कमी लोक लागतात.

बजेट प्रामाणिक ठेवा. पार्टिसिपंट्सना द्यायचे पैसे, टेस्टची लायसन्स फी, मुलाखती टाईप करून घ्यायचा खर्च, प्रवास. लॅपटॉप आणि स्वतःचा पगार छोट्या ग्रँटमध्ये सहसा चालत नाही, नियम वाचा. टेस्ट निवडताना पण डोकं चालवा : बेकची डिप्रेशन इन्व्हेंटरी, २१ प्रश्नांची, विकत घ्यावी लागते, तर पीएचक्यू-९ ही डिप्रेशनचीच नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरायला पैसे किंवा परवानगी लागत नाही. पण पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांबद्दल आहे, तेव्हा एथिक्स कमिटी (स्टडीत भाग घेणाऱ्यांना त्रास होणार नाही ना हे बघून मंजुरी देणारी) विचारणारच की कुणी तिथे "हो" लिहिलं तर तुम्ही काय करणार, किती वेळात करणार, आणि ऑनलाईन निनावी फॉर्म असेल तर त्या माणसापर्यंत पोचणार कसे. याचं उत्तर प्रपोजलमध्येच लिहा. एथिक्सची मंजुरी यायला आठवडे-महिने लागतात, बऱ्याच ग्रँटचे पैसे मंजुरीशिवाय सुटत नाहीत, म्हणून दोन्ही अर्ज शेजारीशेजारी पळवा. जमलं तर ओपन सायन्स फ्रेमवर्क या साईटवर स्टडी आधीच रजिस्टर करा, म्हणजे डेटा गोळा करायच्या आधी आपला प्लॅन नोंदवून ठेवा, फुकट असतं.

पायरी ७ : झालेल्या कामाची अवॉर्ड

टर्म पेपर, प्रोजेक्ट, थिसिस पडून असेल तर त्यातून पोस्टर काढा आणि स्टुडंट कॉन्फरन्सला पाठवा. पोस्टर स्वीकारलं गेलं की ट्रॅव्हल ग्रँटला अर्ज करता येतो, म्हणजे एका कामावर दोन एन्ट्री. थिसिस अवॉर्डला बऱ्याच ठिकाणी गाईडने नॉमिनेट करायचं असतं, आणि गाईडच्या ते लक्षात नसतं, तेव्हा तुम्हीच लिंक आणि तारीख पाठवा. यात लाजायचं काय?

मोठी नावं

ऱ्होड्स, १९४६ पासूनची फुलब्राइट, १९५९ पासूनची कॉमनवेल्थ, केंब्रिजची गेट्स, युरोपची इरॅस्मस मुंडस, या सगळ्या सायकॉलॉजीवाल्यांना खुल्या आहेत, फक्त प्रत्येकीची देशांची यादी आणि अटी वेगळ्या. यावर ढीगभर माहिती मिळते म्हणून लांबवत नाही. पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे : अमेरिकेत रिसर्चच्या पीएचडीला अनेक युनिव्हर्सिटी फी माफ करून वर स्टायपेंड देतात, बदल्यात टीचिंग किंवा लॅबचं काम, आणि प्रॅक्टिससाठीच्या सायडी (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) डिग्रीला बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून किंवा कर्ज काढून पैसे भरावे लागतात. म्हणजे कोर्स निवडतानाच सगळ्यात मोठी स्कॉलरशिप मिळते किंवा हुकते.

काही स्कीम फी भरतात आणि बदल्यात अमुक वर्षं सैन्यात किंवा डॉक्टर कमी असलेल्या भागात नोकरीचा करार घेतात. वाईट नाहीत, पण करार मधेच मोडला तर किती आणि किती व्याजाने परत करायचे ते सही करायच्या आधी वाचा.

फसवणुकीबद्दल थोडक्यात : अर्जच केला नाही आणि निवड झाल्याचा मेल आला, स्कॉलरशिप मिळण्याची गॅरंटी देतायत, किंवा रक्कम सोडायला आधी प्रोसेसिंग फी किंवा बँकेचा ओटीपी मागतायत, की डिलीट. खऱ्या संघटना मेंबरशिप फी घेतात, बक्षीस द्यायला फी घेत नाहीत.

मिळाल्यावर

लगेच स्टेटस टाकायच्या आधी पत्र नीट वाचा. काही कॉलेजं बाहेरची स्कॉलरशिप आली की स्वतःची मदत तेवढीच कमी करतात, तेव्हा आर्थिक मदतीच्या ऑफिसात विचारा की कर्जाचा भाग कमी करता येईल का, ग्रँटचा भाग तसाच ठेवून. दुसऱ्या वर्षी चालू ठेवायला जीपीए किती लागतो ते शीटमध्ये लिहा. फीला वापरलेले पैसे आणि हातात आलेला स्टायपेंड यांना टॅक्सचे नियम बऱ्याच देशांत वेगवेगळे असतात, आपल्या देशाचा नियम बघून घ्या. रिसर्च ग्रँट असेल तर पावत्या पहिल्या दिवसापासून एका फोल्डरमध्ये, शेवटी रिपोर्ट द्यावाच लागतो.

नाही मिळालं तर रिव्ह्यूअरचे शेरे मागा, सगळे देत नाहीत पण काही देतात, आणि तेच प्रपोजल दुरुस्त करून पुढच्या सायकलला किंवा दुसऱ्या संघटनेकडे पाठवा. ज्या सर-मॅडमनी पत्र लिहिलं त्यांना निकाल काहीही लागला तरी दोन ओळींचा मेल करा, कारण पुढच्या अर्जाला रेको मागायला परत त्यांच्याचकडे जायचंय.